शेवटच्या पंगतीचे शिंपले

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. घरं उंचावर आणि भातशेती खाली, खाडीला लागून. इतकी खाली, की भरती आली म्हणजे खाडीचं पाणी शेताच्या वर चढायचं. तरी शेत बुडत नसे, कारण दोघांच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता. बांध होता म्हणून गावाला भात होता. तो कुठे फुटला आणि खारं पाणी आत शिरलं, की उभं पीक तर जायचंच, वर जमीनही पुढची एकदोन वर्षं रुसून बसायची.

म्हणून दर वर्षी भात घरात आला, की सगळा गाव बांधाच्या डागडुजीला लागत असे. पुरुष खाडीतला चिखल खणत, बांधावर रचत आणि लाकडी चोपण्यांनी चोपून पक्का करत. आता हा चिखल खाडीतून बांधापर्यंत काही आपल्या पायांनी चालत येत नसे. तो बायका आणत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत थबथबणारा चिखल, आणि तो मानेवरून गळत गळत पाठीत उतरायचा. दुपारी पुरुष सावलीला टेकले, की त्याच बायका घरी पळत आणि सगळ्यांच्या भाकऱ्या घेऊन परत येत. संध्याकाळी पुरुष म्हणत, "आज फार काम झालं." बायका म्हणत, "होय, झालं खरं." आणि चूल पेटवायला जात.

खाडीकाठची ती जमीन कोणा एकाची नव्हती, गावाची होती. दर वर्षी तिची नवी वाटणी होई, आणि नियम सोपा होता. जो बांधावर राबला, त्याला भाताचं एक खाचर. राबलं कोण हे ओळखायचं कसं, याचीही रीत ठरलेली होती. काम संपलं की शेवटच्या दिवशी बांधाजवळच गावजेवण होई. राबलेली माणसं पंगतीला बसत. गावचा कारभार पाहणारा गावकर टोपलीत शिंपले घेऊन पंगतीतून फिरे आणि प्रत्येक पानाशेजारी एकेक शिंपला ठेवी. ज्याच्या पानाशी शिंपला, त्याला त्या वर्षी खाचर. भांडण नाही, तंटा नाही. गावाला या रीतीचा फार अभिमान होता. आल्यागेल्या पाहुण्याला ते कौतुकानं सांगत, "आमच्याकडे लहानमोठा बघत नाहीत. पंगतीला बसला तो सगळा सारखा."

आणि ते खरंच होतं. पंगतीला बसला तो सगळा सारखाच होता.

बायका पंगतीला बसत नसत, कारण त्या वाढत असत. त्यांचं जेवण मागाहून. पुरुष जेवून उठले, गावकर उंडीच्या झाडाखाली आडवा होऊन घोरायला लागला, की बायका उष्टी पानं उचलत, जागा झाडून घेत आणि उरलं असेल ते घेऊन बसत. भात निवलेला, कालवणातले मासे संपून रस्सा तेवढा राहिलेला. तिथे टोपली घेऊन कोणी येत नसे. यावं असं कोणाच्या मनातही येत नसे. नवऱ्याचा शिंपला घरी आला म्हणजे घराचा वाटा आला, असं सगळे धरून चालले होते. बायकासुद्धा.

त्या गावात आवडी नावाची एक बाई होती. तिचं घर गावाच्या अगदी टोकाला, जिथून पावसाचं पाणी खाडीत सोडायची उघाडी होती, तिच्याही पलीकडे. घरात ती, तिचा नवरा आणि तिची सासू. सासूला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते आणि जीभ त्याहून. आवडी रोज ओहोटीला खाडीत शिंपल्यातली कालवं काढायला उतरायची. जाता-येता बांधात खेकड्याचं बीळ दिसलं, की चिखलाचा गोळा कोंबून टाचेनं दाबून टाकायची. गावातल्या सगळ्याच बायका आपापल्या घरासमोर तसं करत. त्याला कोणी काम म्हणत नसे. त्याही म्हणत नसत.

एका वर्षी ऐन सुगीत आवडीचा नवरा तापानं गेला. रडून झालं, दिवस झाले, आणि बांधाचं काम सुरू झालं तेव्हा आवडी चुंबळ घेऊन हजर झाली. तिनं पाट्या वाहिल्या, भाकऱ्या वाहिल्या. सासूही काठी टेकत आली आणि उंडीच्या सावलीत बसली. बायकांनी आपली तान्ही पोरं झोळ्यांत घालून तिच्यापाशी ठेवली. म्हातारी एका हातानं एक झोळी हलवी, दुसऱ्या हातानं दुसरी, आणि रांगत्या पोरांना तोंडानं आवरी.

काम संपत आलं तशी आवडीला काळजी लागली. घरात आता पंगतीला बसणारं कोणी नव्हतं. शिंपला नाही तर खाचर नाही, आणि खाचर नाही तर वर्षभर खायचं काय? गावजेवणाच्या आदल्या दिवशी ती गावकराच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

गावकर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, सासूची चौकशी केली.

आवडी म्हणाली, "गावकर, उद्या शिंपले वाटाल तेव्हा माझ्या घराचं काय?"

गावकर म्हणाला, "अगो, तुझा नवरा गेला, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण रीत काही मी घातलेली नाही. पंगतीला बसेल त्याला शिंपला."

"मग मी बसते."

गावकराला हसू आलं. "तू बसलीस तर वाढणार कोण?"

"माझ्या वाट्याचा स्वैपाक मी करून ठेवीन. वाढायला कोणीही वाढेल."

"असं होत नाही, आवडी. आणि तुला काय आम्ही उपाशी ठेवणार आहोत? घरटी सूपभर भात काढून देऊ. गाव एवढं काही मेलं नाही."

आवडी उठली. म्हणाली, "सूपभर भात गाव देईल, त्याचे उपकार आहेत. पण मी भीक मागायला आले नव्हते. मी बांध घातलाय."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. केळीची पानं मांडली गेली, पाणी फिरलं. आवडीनं पहाटेपासून भाताचा हंडा सांभाळला होता. तो उतरवून तिनं हातपाय धुतले, एक पान घेतलं, आणि पंगतीच्या शेवटी जाऊन मांडी घालून बसली.

एकदम गलका झाला. "उठ गो आवडे!" "वेड लागलं की काय हिला?" कोणी तोंडावर हात ठेवून हसलं. वाढणाऱ्या बायका हातात भांडी घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. गावकराची बायको भाताचं पातेलं घेऊन अगदी जवळच होती. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलली नाही.

गावकर टोपली घेऊन निघाला. एकेका पानाशी शिंपला ठेवत तो आवडीपर्यंत आला आणि थांबला. सगळी पंगत त्याच्याकडे पाहत होती. टोपलीत शिंपले होते, हात टोपलीत होता. ठेवायचा म्हटलं तर एका क्षणाचं काम.

आवडी हळूच म्हणाली, "मी राबले नाही का?"

गावकर अवघडला. मग म्हणाला, "राबलीस की. पण बांध घातला तो पुरुषांनी. तुम्ही बायकांनी मदत केलीत."

आणि तो टोपली घेऊन माघारी वळला.

आवडीनं आपलं पान उचललं, बाजूला ठेवलं आणि वाढायला उभी राहिली. मागाहून बायका जेवायला बसल्या तेव्हा म्हातारी सासू म्हणाली, "मी जन्मभर पाट्या वाहिल्या गो. माझ्या पानाशी कधी शिंपला आला नाही. मला वाटायचं, माझेच डोळे गेलेत. पण गावकराचे माझ्या आधी गेले म्हणायचे." हे ऐकायला गावकर जागा नव्हता.

आठवड्याच्या आत आवडीनं घराला कडी घातली आणि सासूला होडीत बसवून खाडीपलीकडे भावाकडे गेली. तिथे एक मिठागर होतं. तिथे ती डोक्यावर पाटी वाहायला लागली. चिखलाच्या जागी मीठ, बाकी तीच चुंबळ, तीच पाटी, तीच मान. गंमत अशी, की खाडीच्या त्या काठाला त्या पाटीला काम म्हणत. पाटी टाकली की मुकादम मोजायचा आणि संध्याकाळी त्या मापानं तांदूळ द्यायचा. आवडीला पहिल्या दिवशी फार नवल वाटलं. खाडी एवढीशी, पण ती ओलांडल्यावर मदतीची मजुरी झाली होती.

इकडे गावात आवडीवाचून कोणाचं काही अडलं नाही. निदान तसं वाटलं. उन्हाळा गेला. पाऊस आला, लावणी झाली, शेतं हिरवीगार झाली. पुरुष बांधावरून फेरफटका मारत आणि म्हणत, "यंदा बांध काय झकास बसलाय!"

श्रावणातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं. सकाळी माणसं उठून बघतात तो काय, उघाडीच्या पलीकडे बांधाला खिंडार पडलेलं आणि त्यातून खाडी आरामात आत येतेय. फावडी घेऊन सगळे धावले. ओहोटीपर्यंत काही करता आलं नाही. पाणी उतरलं तेव्हा भाताची रोपं उभी होती, पण खारं पाणी पिऊन. दोन दिवसांत ती पिवळी पडली आणि मग आडवी झाली. माणसं बांधावर बसून बघत राहिली. बायका घरात रडल्या आणि पुरुष बाहेर. वर्षाचं अन्न गेलं होतं.

खिंडार कसंबसं बुजवल्यावर गावकरानं सगळ्यांना देवळापुढे बोलावलं. तो चिडलेला होता.

"तिथली राखण कोणाकडे होती?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडे नव्हती," एक म्हणाला. "माझ्याकडे पण नाही," दुसरा म्हणाला. विचारत विचारत गावकर सगळ्यांपर्यंत जाऊन आला. राखण कोणाकडेच नव्हती. कधीच नव्हती.

"अरे, फुटला तिथे खेकड्यांनी चाळण केलीय बांधाची! बिळं काय एका दिवसात पडली? मग इतकी वर्षं हा बांध टिकला कसा?"

एक भाविक माणूस हात जोडून म्हणाला, "देवाची कृपा, दुसरं काय."

तेव्हा बायकांमध्ये कोणीतरी हसलं. ती गावकराचीच बायको होती. तिच्या हसण्यात गंमत मुळीच नव्हती.

"त्या देवाचं नाव आवडी होतं," ती म्हणाली. "तो मिठागरावर गेला."

गावकर तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? ओहोटीला आम्ही कालवं काढायला जातो. जाताना बिळं दिसतात, ती बुजवतो. आपल्या घरासमोरची मी बुजवते, हिच्या घरासमोरची ही. उघाडीपलीकडे एकटी आवडी राहायची. ती गेली, तिकडे कोण जाणार?"

"एवढं मोठं काम तुम्ही करता, आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"अहो, तुम्ही कधी विचारलंत? आणि सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? मदत करता, बरं करता."

पुरुषांतला एकजण खाली बघून जमीन उकरायला लागला. बायको पुढे म्हणाली, "दोष तुम्हाला एकट्याला नाही. त्या दिवशी मी भाताचं पातेलं धरून तिच्याशेजारी उभी होते. माझ्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी गावकर होडीत बसून पलीकडे गेला. पावसात मिठागर बंद असतं. आवडी भावाच्या ओटीवर भात कांडत होती. गावकरानं कनवटीचा शिंपला काढून तिच्यापुढे ठेवला.

"चूक झाली, आवडी. हा तुझा शिंपला. परत चल. पुढच्या वर्षी तुझं खाचर पक्कं."

आवडीनं मुसळ बाजूला ठेवलं. शिंपला तिनं हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गाव सोडून आल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता, की तिला आपलं घर आठवलं नाही.

"भात गेला म्हणतात सगळा," ती म्हणाली.

"गेला."

"मी गाव सोडून जाताना बिळं बघितली होती. बुजवायला वाकलेही होते. मग म्हटलं, कशाला? आणि तशीच पुढे गेले. मलाही ते लागून राहिलंय, गावकर." मग तिनं शिंपला परत त्याच्यापुढे ठेवला. "पण हा मला नको."

"का गो?"

"हा तुम्ही माझ्या एकटीपुरता आणलात. उद्या आणखी कोणाचा नवरा जाईल. ती पंगतीच्या टोकाला येऊन बसेल, लोक हसतील, आणि तुम्ही पुन्हा टोपलीत हात घालून उभे राहाल. बांध पुन्हा फुटल्यावर तिच्याकडेही असाच शिंपला घेऊन जाणार काय?"

गावकरानं शिंपला उचलून घेतला. "मग मी करू तरी काय?"

"मोजायचं तर पंगत संपेपर्यंत मोजा."

"संपेपर्यंतच मोजतो की! शेवटच्या पानापर्यंत जातो."

"शेवटचं पान तुम्ही कधी बघितलंय?" आवडीनं विचारलं. "तुम्ही जेवून झोपलात, की नंतर एक पंगत बसते. तुमची बायको त्यात असते. ती काय जेवते, ठाऊक आहे तुम्हाला?"

गावकरानं आठवून पाहिलं. इतकी वर्षं तो कारभार पाहत होता, पण बायकोला गावजेवणात जेवताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. ती जेवत असणार हे त्याला माहीत होतं. पण कधी आणि काय, हे माहीत नव्हतं. त्याला एकाएकी शरम वाटली.

ओटीच्या कोपऱ्यातून म्हातारीचा आवाज आला, "आवडे, त्याला पाणी दे. लांबून आलाय बिचारा. उशिरा आला, पण आला."

गावकरानं घरी येऊन गावाला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, की यापुढे शिंपले दोन्ही पंगतींना पडतील. लगेच कुरबुर सुरू झाली.

एक पुरुष उठून म्हणाला, "शिंपले वाढले तर खाचरं लहान होतील. जमीन काय रबराची आहे?"

गावकर म्हणाला, "लहान होतील. पण तुझ्या घरात दोन येतील. एक तुझं, एक तुझ्या बायकोचं."

"म्हणजे तेवढीच जमीन झाली! मग एवढी उलथापालथ कशाला? फरक काय पडणार?"

त्याची बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "फरक पडत नसेल तर देऊन टाका की."

तो खाली बसला. बाकीचेही त्यानंतर उठले नाहीत. काहीजण घरी जाऊन धुसफुसले, नाही असं नाही. रीत बदलली म्हणून माणूस लगेच बदलत नाही.

ते वर्ष गावानं हालात काढलं. कंदमुळं खाल्ली, मासे खाल्ले, भाताच्या जागी पेज आली. डागडुजीचे दिवस आले तेव्हा आवडी सासूला घेऊन परत आली. भाऊ म्हणाला होता, "तिकडे तुझी पाटी मोजत नाहीत. इथे मोजतात." तिनं सांगितलं, "मोजतात, पण ते मीठ माझं नाही. तो बांध माझा आहे." तिनं घराची कडी काढली, घर झाडलं आणि दुसऱ्या दिवशी चुंबळ घेऊन कामाला गेली. म्हातारी उंडीखाली बसली आणि झोळ्या हलवायला लागली.

गावजेवणाचा दिवस उजाडला. जमीन अजून खारटलेली होती, पुढच्या वर्षी भात अर्धाच पिकणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी जेवण झालं. पुरुषांची पंगत बसली, गावकरानं शिंपले ठेवले. पण आज तो स्वतः जेवायला बसला नाही. उंडीखालीही गेला नाही. पुरुष जेवून उठले तेव्हा त्यानं त्यांना त्यांचीच पानं उचलायला लावली. मग त्यानं नवी पानं मांडली आणि म्हणाला, "बसा."

बायका बसेनात. एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांची सवय, पाय वाकेनात. शेवटी गावकराची बायको पदर सावरून बसली, तशा सगळ्या बसल्या. वाढायला चार पुरुष उभे राहिले. एकानं भात सांडला, एकानं मीठ वाढायचं विसरून थेट कालवण ओतलं. बायकांनी तोंडं फिरवून हसून घेतलं.

गावकर टोपली घेऊन निघाला आणि चार पानांतच थांबला. टोपली रिकामी झाली होती. ती मुळात पुरुषांपुरतीच भरलेली असायची. त्याहून मोठी टोपली कोणी कधी केलीच नव्हती.

"राहू द्या, उद्या आणा," एकजण म्हणाला.

"उद्या कशाला?" गावकर म्हणाला. त्यानं धोतर खोचलं आणि खाडीत उतरला. ओहोटी लागली होती. तो गुडघाभर चिखलात वाकला आणि शिंपले वेचायला लागला. जरा वेळानं त्याची कंबर धरली. तो सरळ झाला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि पुन्हा वाकला. इथेच बायका रोज वाकतात, हे त्याच्या लक्षात आलं. परत येताना बांधाच्या पायथ्याशी त्याला खेकड्याचं एक ताजं बीळ दिसलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेनं दाबला.

पंगत तशीच बसून होती. कोणी घासाला हात लावला नव्हता. गावकर एकेका पानाशी ओला शिंपला ठेवत निघाला. आपल्या बायकोच्या पानाशी तो जरा जास्त वेळ थांबला. आवडीच्या पानाशी त्यानं शिंपला ठेवला. आवडीनं तो उचलून पदरानं पुसला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

तिच्या पलीकडे, पंगतीच्या अगदी शेवटी, म्हातारी बसली होती. गावकराचा हात टोपलीत थबकला.

मागून एक पुरुष म्हणाला, "म्हातारीनं कुठे पाटी उचलली? ती तर सावलीत बसून होती."

गावकरानं पंगतीकडे वळून पाहिलं. कोणी बोलण्याची वाट त्यानं पाहिली नाही. त्यानं विचारलं, "तुम्ही पाट्या वाहत होतात तेव्हा पोरं कोणी सांभाळली?"

"तिनं," सगळ्या एकदम म्हणाल्या.

गावकर खाली बसला आणि त्यानं शिंपला म्हातारीच्या तळहातावरच ठेवला. तिला तो दिसला नाही. तिनं बोटांनी चाचपला, कडा तपासल्या, वास घेतला.

"ओला आहे," ती म्हणाली.

"आत्ताच काढून आणलाय, आजी."

"तू स्वतः उतरलास खाडीत?"

"होय."

म्हातारीनं शिंपला मुठीत धरला. मग तिनं शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "बस. जेवून घे. तुझं पान राहिलंय."

गावकर बसला. भात निवलेला होता, कालवणात मासा एकही नव्हता, नुसता रस्सा. त्यानं पहिला घास घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

"दर वर्षी हे असंच असतं?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आज रस्सा पुरला."

तात्पर्य : वाटे घालायला बसणाऱ्यानं आधी सगळ्यांची जेवणं झाली का ते पाहावं. ज्यांनी वाढलं, त्यांची पंगत अजून बसायची असते.